कारंज्याहून आणलेल्या तीन तलंगा

आईकडे नऊ कोंबड्या होत्या. एक तांबडी आणि बाकी साऱ्या तिच्याच पिलावळीतल्या; ती तांबडी आईने पिलापासून वाढवलेली. फक्त आईचं म्हणता येईल असं घरात दुसरं काही नव्हतं.

पशुवैद्यकीच्या कॉलेजातून सुट्टीला येताना मी कारंज्याच्या बाजारातून तीन तलंगा घेतल्या, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. आईला काहीतरी न्यावं असं खूप दिवस मनात होतं.

नवे पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवायचे असतात, हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. पण दिवस मावळताना आईने जुन्या कोंबड्यांवरचं बांबूचं डालं थोडं उचललं.

"घाल यातच. अंधारात कोंबडीले कोंबडी दिसत नाही. सकाळपर्यंत आपल्या होऊन जातात."

शेजारची काकू ओट्यावर बसली होती. म्हणाली, "काहून वं कॉलेजवाली, तुह्या बुकात काही दुसरं लिवलं असन त सांग बाप्पा."

दोघी हसल्या. मीही हसले. आपणच आणलेल्या भेटीत आजार असेल, असं म्हणायला जीभ रेटेना. तिन्ही तलंगा मीच डाल्याखाली सरकवल्या. सकाळी त्या खरंच भांडल्या नाहीत, आणि मला बरं वाटलं.

मी कॉलेजात परतले, आणि आठवड्याने आईचा फोन आला. आधी एका तलंगेला हिरवट हगवण लागली, मग जुन्यांना. मी पोचले तेव्हा तांबडी मान पिळवटून एकाच जागी गोल फिरत होती. मानमोडीच होती ती, एकीपासून दुसरीला लागणारी. दुपारी तांबडी गेली. सर्वांत शेवटी तीच उरली होती. परसात खड्डा खणून आम्ही तिला पुरलं.

"म्याच कोंबड्या सोडल्या औषध फवारलेल्या तुरीत," आई सारखी म्हणत होती. "मलेच अक्कल नाही."

दोन दिवस मी हे ऐकून घेतलं. निघायच्या सकाळी ती भाकरी थापत होती, तेव्हा म्हणाले, "आई, तुरीनं नाही झालं. माह्या कोंबड्यांनी झालं. त्या येगळ्या ठेवा लागत होत्या."

"तुले कोणं सांगतलं?"

"मले माहीत होतं."

तिचा हात थांबला. "तवाच?"

"हो."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी दोघी हसल्या."

"हसलो असतो घटकाभर," आई म्हणाली. "अन ठेवल्या असत्या येगळ्या."

ती पुन्हा थापू लागली. मी एसटीसाठी निघाले, तेव्हा दारापर्यंत आली नाही.