बर्फाच्या कारखान्यात ताईबाई

जळगावच्या पिंप्राळ्यात बोरसेंचा टायपिंग क्लास होता आणि तो चालवणाऱ्या बाईंचं नावच ताईबाई. त्यामुळे मुली हाक मारताना नाव घेतात की मानाने ताई म्हणतात, हे कुणालाच कळायचं नाही. माहेर शिरपूरकडचं. मॅट्रिक झाल्यावर धुळ्याला मावशीकडे राहून टायपिंग शिकल्या, लग्न होऊन जळगावात आल्या आणि घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत मशीनं मांडली. नवरा, वना बोरसे, बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर कामाला. माणूस कमी बोलायचा आणि बोलला की बहुतेक नकारच द्यायचा.

टायपिंगचे दिवस सरत चालले हे ताईबाईंनी वेळेवर ओळखलं. चाळिशीच्या आसपास पुन्हा धुळ्याची एसटी धरून त्या कॉम्प्युटर शिकून आल्या. अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या क्लासला एका सरकारमान्य परीक्षेचं केंद्र मिळायची वेळ आली. अट एकच होती. परीक्षकाला डॉस, विंडोज आणि युनिक्स या कॉम्प्युटरच्या तिन्ही व्यवस्था चालू दाखवायच्या, आणि युनिक्सवर तीन मुली एकाच वेळी काम करताना दिसल्या पाहिजेत. नाहीतर प्रात्यक्षिकाला मुलींनी नाशिकला जायचं. सावद्याच्या एका मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, नाशिकला घरचे पाठवणार नाहीत. इथं झाली तरच माझी परीक्षा."

युनिक्सवाली मशीनं तेव्हा बँकांत नाहीतर विद्यापीठात. पण एका इंग्रजी मासिकासोबत आलेल्या सीडीवर लिनक्स होतं. युनिक्सच्याच घराण्यातलं आणि फुकट. ताईबाईंनी ठरवलं, मशीन आपणच जोडायचं. एकट्या मुंबईला गेल्या, लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घातली आणि सुटे भाग घेऊन आल्या. हार्ड डिस्क गाडीत मांडीवर, गोधडीत गुंडाळलेली. शेजारच्या बाईने विचारलं, "तान्हं आहे का?" ताईबाई नुसत्या हसल्या आणि जळगाव येईपर्यंत डोळा लागू दिला नाही.

डिस्कचे त्यांनी तीन वाटे केले. एकात डॉस, एकात विंडोज, एकात लिनक्स. मशीन सुरू केलं की पडद्यावर विचारणा यायची, कुणाला बोलवायचं? ज्याचं नाव टाकाल तो उठायचा.

वनाभाऊ दारात उभं राहून हे बघत होते. "एक घरमा एकच कारभारी ऱ्हास. तू तीन कसाले ठेवी ऱ्हायनी?"

"तिन्ही एकदम उठतस नही. जेले हाक मारी तोच ऊठस."

"आनि भांडनात मंग?"

"म्हनीसनच वाटा करेल शेतस ना," ताईबाई म्हणाल्या.

डॉस उठला, विंडोज उठली. लिनक्सही उठलं, पण तीन मुली बसायच्या तर आणखी दोन जुनी मशीनं तारांनी त्याला जोडायची होती, आणि त्यासाठी मशीनच्या आत बसवलेल्या जुन्या नेटवर्क कार्डाची लिनक्सला ओळख पटत नव्हती. ओळख करून द्यायची म्हणजे लिनक्सचा गाभाच नव्याने बांधायचा. मशीन हजारो ओळी स्वतः वाचणार, जुळवणार आणि शेवटी एक फाइल तयार करणार. तासाभराचं काम. ताईबाईंनी हुकूम दिला आणि ओळी सरसर वर सरकू लागल्या. मध्येच सगळं थांबलं. एक इंग्रजी ओळ उमटली: सिग्नल अकरा, म्हणजे काम मध्येच तुटलं.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबलं.

सोमवारी परीक्षा होती आणि हा गुरुवार. मे महिन्याचं जळगाव; पत्रा असा तापलेला की खोलीत हवासुद्धा बोचायची. त्यात पिंप्राळ्याचा ट्रान्सफॉर्मर जळाल्यामुळे वीज यायची ती भर दुपारीच. ताईबाईंनी सीडी पुसली, कार्ड काढून बसवलं, मासिकातले लेख पुन्हा वाचले. दर वेळी तेच. मुली दुपारी येऊन दारातूनच त्यांचा चेहरा वाचायच्या आणि परत जायच्या. त्यांना हाक मारून "होईल गं" म्हणायचाही ताईबाईंना धीर होत नव्हता.

शुक्रवारी दुपारी त्या मशीनसमोर बसून राहिल्या. हात मांडीवर. आणि मग एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. काम थांबतं खरं, पण दर वेळी वेगळ्या ठिकाणी. चूक लिखाणात असती तर ते दर वेळी त्याच ओळीवर अडलं असतं. विद्यार्थिनी एकाच शब्दाला अडखळली तर तो शब्द तिला येत नाही, पण दर वेळी वेगळीकडे अडखळली तर? तर तिला ताप आहे.

ताईबाईंनी मशीनच्या डब्याचं झाकण काढलं, आतल्या पत्र्याला बोट लावलं आणि झटक्याने मागे घेतलं.

संध्याकाळी वनाभाऊ आल्यावर त्या सरळ म्हणाल्या, "माले तुमना कारखानामा लई चला. मशीन लईसन."

"याड लागनं का?" वनाभाऊ चपला काढता काढता थांबले. "मे महिना शे. बठ्ठा गाव बरफसाठे उभा शे तठे. वर अमोनिया. बाई मानूसले शेठ पाय ठेवू देवाव नही."

"तठे गार शे. जनरेटर शे. माले एक तास पाहिजे."

"आनि वल? तठे भीतवरथून पानी गळस. पानी लागनं का मशीन गयं."

ही धास्ती ताईबाईंनाही होती. उन्हात मशीन धाप टाकत होतं, ओलीत ते कायमचं बंद पडलं असतं. पण ताईबाईंनी पोरींचं नाव काढलं तेव्हा वनाभाऊंनी मान फिरवली, आणि सकाळी एक रिक्षा दारात आणून उभी केली.

कारखान्यात बर्फाच्या टाकीशेजारी हिशेबनिसाची एक छोटी खोली होती. जाड भिंती, एकच खिडकी. वनाभाऊंनी टेबलाखाली कोरडा भुसा पसरला, भिंतीपासून टेबल हातभर दूर ओढलं आणि दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. अमोनियाचा वास नाकात सुईसारखा शिरत होता. ताईबाईंनी पदर नाकाला लावून तारा जोडल्या, झाकण उघडंच ठेवलं आणि हुकूम दिला.

ओळी सरकू लागल्या. काल जिथे थांबलं होतं तिथून पुढे गेल्या. परवाच्याही पुढे. ताईबाई पडद्याकडे कमी आणि भिंतीकडे जास्त बघत होत्या. भिंतीवर थेंब धरत होते, एकेक थेंब जड होऊन खाली ओघळत होता. त्या पदराने भिंत पुसायच्या आणि पुन्हा वळून ओळी चालू आहेत ना ते बघायच्या.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. कारखान्याचे मालक रुपचंदशेठ शनिवारी कधी यायचे नाहीत. त्या दिवशी आले.

दार ढकलून ते आत पाहतच राहिले. "हे काय चाललंय, वना? माझ्या जनरेटरवर?"

ताईबाई उठून उभ्या राहिल्या. "शेठ, मी यांची मंडळी. थोडंच राहिलंय."

"बाई, तिकडे क्रेनला लाइन कमी पडतेय. बर्फाची लादी अर्ध्यात लटकलीय. बंद करा हे आधी."

"आता बंद केलं तर पहिल्यापासून करावं लागेल. कदाचित डिस्कही..."

"ते मला सांगू नका." शेठ भिंतीवरच्या बटणाकडे वळले.

वनाभाऊ कॉम्प्रेसरवरून आले होते. हात तेलाने माखलेले. ते शेठच्या आणि बटणाच्या मधे उभे राहिले. इतक्या वर्षांत शेठच्या वाटेत ते कधी आले नव्हते.

"शेठ, क्रेन मी हातानं ओढतो. साखळी आहे. मशीन चालू राहू द्या."

"सगळ्या लाद्या?"

"हो, सगळ्या."

शेठने त्यांच्याकडे, मग ताईबाईंकडे, मग पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडे पाहिलं. "एक जरी लादी वितळली तर उद्यापासून येऊ नको," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन टाकीच्या काठाशी खुर्ची टाकून बसले.

मग आतून ताईबाईंना साखळीचा खळखळाट ऐकू येत राहिला. मध्ये तो थांबायचा, तेव्हा भिंत पुसणारा त्यांचा हातही थांबायचा; पुन्हा सुरू झाला की तो पुढे सरकायचा. ओळी संपल्या तेव्हा त्यांना आधी कळलंच नाही. पडदा स्थिर होता आणि सिग्नल अकरा कुठे दिसत नव्हता. फाइल तयार झाली होती. त्यांनी ती जागेवर बसवली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, लिनक्सला हाक मारली. कार्डाचं नाव पडद्यावर आलं.

बाहेर आल्या तेव्हा वनाभाऊ साखळी सोडत होते. तळहात सोलवटले होते. शेठ घाम पुसत म्हणाले, "झालं का बाई? मग न्या आता," आणि आत निघून गेले. राग होता की नाही, सांगता येत नव्हतं.

पण ताईबाईंच्या जिवाला अजून स्वस्थता नव्हती. परीक्षा घरीच घ्यायची होती, त्याच पत्र्याखाली. सोमवारी परीक्षक आले, करड्या केसांचे, घाईतले. ताईबाईंनी विनवलं की सकाळी लवकर सुरू करू. "वेळापत्रकात बारा आहे," ते म्हणाले आणि बाराच वाजवले. तोवर वीज सुरळीत झाली होती, तेवढाच आधार. वनाभाऊंनी भुशात घातलेल्या बर्फाच्या लाद्या परातीत मांडल्या, त्यावरून टेबलफॅन सोडला, आणि पाणी जमिनीवर आलं की टिपायला फडकं घेऊन बसले.

डॉस दाखवला. विंडोज दाखवली. मग लिनक्स, आणि तीन मुली तीन कीबोर्डांवर. परीक्षकांनी पहिल्यांदाच मान हलवली. पहिल्या दोघींचं काम झालं, कागद छापून निघाले. सावद्याची मुलगी शेवटचा प्रोग्राम लिहीत होती तेव्हा तिचा कर्सर थांबला. तिने कळ दाबली. पुन्हा दाबली. मग तिने ताईबाईंकडे पाहिलं.

ताईबाईंनी मशीन बंद केलं. दुसरा इलाज नव्हता. परत सुरू झाल्यावर डिस्क स्वतःची तपासणी करू लागली. पडद्यावर टक्केवारीचा आकडा मुंगीसारखा चढत होता आणि परीक्षक घड्याळ बघत होते. वनाभाऊंनी उरलेली लादी फोडून तुकडे पंख्यापुढे ओतले. तपासणी संपली. मुलीने फाइल उघडली. अर्धीच होती.

"माझी वेळ संपत आलीय," परीक्षक म्हणाले.

"सर, माझी संपलेली नाही," मुलगी म्हणाली. बोटं कळांवरच होती. "मला बसू द्या."

परीक्षकांनी घड्याळाचा हात खाली घेतला. ती पुन्हा लिहू लागली. ताईबाई तिच्या मागे उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले, कारण एक शब्द बोलणंही नियमाबाहेर होतं. एका ओळीत तिने कंस विसरला. ताईबाईंनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. आत कळांचा आवाज थांबला, मग तो पुन्हा सुरू झाला. छपाईयंत्र करकरलं तेव्हाच त्या वळल्या. कागद बरोबर होता. कंस तिचा तिलाच सापडला होता.

सगळ्या पास झाल्या. केंद्र मात्र पुढच्या वर्षी ताईबाईंना मिळालं नाही. अहवालात खोली वातानुकूलित नसल्याचा शेरा होता. केंद्र गेलं जळगावातल्याच मेहरूणच्या एका नव्या क्लासला, तिथे एसी होता. त्या क्लासवाल्यांना तीन व्यवस्था एका मशीनवर बसवता येईनात, तेव्हा त्यांनी ताईबाईंना निरोप धाडला. ताईबाईंनी पिशवीत सीडी आणि स्क्रू ड्रायव्हर टाकले.

वनाभाऊ दारापर्यंत आले. "राग उना नही का तुले?"

"उना," ताईबाई चपला घालत म्हणाल्या. "पन परीक्षाले पोरी त्याच मशीनवर बसतीन ना."