गढीवाली पोथी

उदारामला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्याशी भांडायला आला होता. साल एकोणीसशे छत्तीस. गोंदियाच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या माडीवर आमचं लहानसं मराठी वाचनालय होतं. मी तिथला ग्रंथपाल; म्हणजे कुलूप उघडणारा, झाडू मारणारा आणि पुस्तकं उशिरा आणणाऱ्यांवर खेकसणारा, सगळं मीच. त्याने एक भुताटकीची कादंबरी टेबलावर आपटली आणि विचारलं, शेवटच्या प्रकरणात भूत म्हणजे चादर पांघरलेला चुलतभाऊच निघणार असेल, तर आधीची दोनशे पानं आम्ही कशासाठी भ्यायचं? मी म्हणालो, ही मी लिहिलेली नाही.

"कपाटात त तुमीच ठेवली ना," तो म्हणाला.

उदाराम बिरसीकडच्या पोवार शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी एक पाय अधू झाला, चिखलात उभं राहून भाताची रोवणी करणं त्याच्या नशिबात नव्हतं. चौथी पास झाल्यावर घरच्यांनी त्याला गोंदियात विडीच्या कारखान्यात आणून बसवलं. तिथे तो विड्या कमी वळी आणि वाची जास्त. लांबलचक टिनाच्या शेडमध्ये चाळीस-पन्नास बायामाणसं मांडीवर सूप घेऊन दिवसभर तेंदूची पानं कापत, तंबाखू भरत, दोरा बांधत. उदाराम मधोमध बसून मोठ्याने वाचे आणि त्याच्या बदल्यात जो तो आपल्या चार-चार विड्या त्याच्या सुपात टाकी. मुनीमही खूश असे, कारण वाचन चालू असलं की कोणी जागचं उठत नसे.

गावात मिळतील तेवढ्या देवाधर्माच्या पोथ्या त्याने दोन वर्षांत वाचून संपवल्या आणि मग तो भयकादंबऱ्यांकडे वळला. ऐकणाऱ्यांना त्यात काही फरक वाटला नाही. छापलेलं आहे, खाली बसून ऐकायचं आहे, म्हणजे पोथीच.

दर आठवड्याला पुस्तक परत करताना तो आपलं मत देऊन जाई, मी मागो वा न मागो. त्याचं म्हणणं, या कादंबऱ्यांतली भुतं फक्त श्रीमंताच्या घरी राहतात. आमच्या एका खोलीत सात माणसं झोपतात, तिथे भुताने उभं कुठे राहायचं? तळघरातून आवाज आला की नायिका एकटीच दिवा घेऊन खाली उतरते. आमच्या गावची बाई अख्खा मोहल्ला उठवेल आणि मग सगळ्यांच्या मागे उभी राहील. इंग्रजीवरून उचललेल्या गोष्टी तर तो वासावरून ओळखी. देशावरचा सरदार चैत्र महिन्यात शेकोटीपुढे पाय शेकत बसतो, असं वाचल्यावर तो तासभर हसत होता.

पण त्याचा खरा राग होता वाऱ्यावर. दर प्रकरणाला दोन-दोन पानं वारा सुटतो, दारं करकरतात, झाडं वाकतात आणि घडत काहीच नाही. हा भाग तो सरळ गाळून टाकी. तो म्हणे, लिहिणाऱ्याजवळ सांगायला काही उरलं नाही की तो वारा सोडतो. मी स्वतः असली पुस्तकं हातात धरत नसे, पण त्याचं बोलणं ऐकायला मात्र उशिरापर्यंत वाचनालय उघडं ठेवी.

तीन वर्षांनी, आश्विनात, त्याने एक जाडजूड कादंबरी नेली. तिचं कव्हर आणि पहिली पानं कधीच गेली होती, त्यामुळे नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. एका गढीत एक बाई कोंडलेली असते आणि ती जिवंत आहे की नाही ते कळत नाही, अशी काहीशी गोष्ट. शेडमध्ये तिचं नाव पडलं गढीवाली पोथी.

प्रेमिला त्याच रांगेत बसे. तिशीची बाई, बोदलकशाकडची, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिला खोकला होता. डॉक्टरने छातीचा रोग सांगितला आणि दूरच्या कुठल्याशा सॅनिटोरियमचं नाव घेतलं. ते कुठे आहे, तिथे कसं जायचं, हे विचारायलाही तिच्यासोबत कोणी गेलं नव्हतं. एक दिवस तिने त्या फाटक्या पुस्तकावर झेंडूचं फूल ठेवलं. उदारामला हसू आलं. खुनाची गोष्ट आहे बाई, असं तो तिला म्हणाला. तिने शांतपणे सांगितलं की तिच्या आईच्या आजारपणात घरी पोथी बसवली होती. पोथीला बसलेल्या माणसाला समाप्तीपर्यंत काही होत नाही. आई महिनाभर तगली आणि समाप्तीनंतरच गेली.

"हे पोथी चालू हाय तवपर्यंत मले धोका नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या पदरावर रक्त दिसलं आणि उदारामचं हसणं थांबलं. पुस्तकाची चाळीस पानं उरली होती.

तेव्हापासून तो हळू वाचू लागला. मग काहीबाही सबब सांगून मागे गेला आणि गाळलेला सगळा वारा त्याने पहिल्यापासून वाचून काढला. प्रत्येक करकरणारं दार, प्रत्येक घुबड, पावसाचा प्रत्येक थेंब. शेडमधला सर्वांत जुना कामगार बिसराम कुरकुरला, काल बी वारा अन् आज बी वाराच काऊन? छापलं आहे तेच वाचतो, असं उदारामने त्याला ठणकावलं. असे अठरा दिवस निघाले. प्रेमिला रोज येत होती. आता तिच्याकडून अर्ध्याही विड्या होत नव्हत्या, उरलेल्या आजूबाजूच्या बाया तिच्या सुपात टाकत.

एका संध्याकाळी तो माडी चढून आला आणि अधू पाय चोळत माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "गुरुजी, मी चुकलो. त्या लिहिणाऱ्याच्या घरी बी कोणी आजारी असन. म्हणून त्यानं एवढा वारा लिवला. त्याले संपवाचं नव्हतं."

पुस्तकांविषयी इतकं शहाणं मत मी त्यानंतर कोणाकडून ऐकलं नाही.

मग त्याने विचारलं, याचा दुसरा भाग आहे का? नाव माहीत नसलेल्या पुस्तकाचा दुसरा भाग मी कुठून आणणार? मी दुसरी कादंबरी पुढे केली. त्याने मान हलवली. प्रेमिला याच पोथीला बसली होती. दुसरी चालणार नव्हती. शेवटी तो म्हणाला, तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही लिहा. मला स्वतःचा राग आला, कारण मी हो म्हणालो. रविवारभर बसून मी चार पानं लिहिली. वाचून पाहिली तर तहसीलदाराला केलेल्या अर्जासारखी झाली होती. तरी त्याला दिली.

सोमवारी मी स्वतः कारखान्यात गेलो. उदारामने छापील शेवटचं पान वाचलं आणि न थांबता माझी पानं सुरू केली. आवाज तोच ठेवायचा त्याने फार प्रयत्न केला. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एकेक कात्री थांबत गेली. इतकी वर्षं ऐकून त्या लोकांचे कान माझ्यापेक्षा तयार झाले होते. प्रेमिलाने मान वर केली.

"हे पोथीतलं नोहे," ती म्हणाली. रागाने नाही. "उदारामभाऊ, पोथी संपली का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ग्रंथपाल, माडीभर पुस्तकांचा मालक असल्यासारखा वागणारा माणूस. मी खाली पाहिलं. इतका निरुपयोगी मी आयुष्यात कधी नव्हतो.

"संपली, बाई," उदाराम म्हणाला.

प्रेमिलाने पदराची गाठ सोडली. आत गुळाचा खडा होता, बरेच दिवस बांधून ठेवल्याने कापडाला चिकटलेला. समाप्तीचा प्रसाद म्हणून तिने तो फोडला आणि रांगेत फिरून प्रत्येकाच्या हातावर कण कण ठेवला. बिसराम घ्यायला तयार नव्हता, पण प्रसादाला नाही म्हणायचं कसं? त्याने घेतला. माझ्यापुढे येऊन ती म्हणाली, "गुरुजी, तुमी बी घ्या." मीही घेतला आणि तिच्यासमोर खाल्ला.

मग तिने आपलं सूप बिसरामजवळ सरकवलं. "माह्या वाटचे पानं तुमी कापा. मी घरी जाऊन राहिली," असं म्हणून ती शेडच्या बाहेर पडली. तिला कोणी थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार होतो? नवव्या दिवशी ती गेल्याचं बिसरामने येऊन सांगितलं.