वरच्या मजल्यावरचे तारे

माझ्या धाकट्या जावेला चार पॉइंट आठ तारे आहेत आणि मला तीन पॉइंट एक.

हे तारे पत्रिकेतले नाहीत, मोबाईलमधले आहेत. (पत्रिकेतले असते तर एखादी शांत तरी करून घेतली असती!) काम असं, की कुठली कुठली माणसं बोललेली असतात, त्यांचं रेकॉर्डिंग आपल्या मोबाईलवर येतं. ते कान लावून ऐकायचं आणि शब्दाला शब्द लिहून काढायचं. मग आपल्यासारखीच हे काम करणारी दुसरी माणसं आपलं लिहिलेलं तपासतात, पाचपैकी तारे देतात आणि खाली शेरा मारतात. आपणही दुसऱ्यांचं तपासायचं. कोण कुणाचं तपासतंय ते कळत नाही, नावाच्या जागी नुसता नंबर. म्हणजे नावं ठेवायची, पण तोंड दाखवायचं नाही! अशी सोय माझ्या लग्नाच्या वेळी असती तर माझ्या नणंदेला पाच हजार तारे मिळाले असते.

तारे तीनच्या खाली गेले की काम बंद. ‘आपणांस घरी बसवण्यात येईल’ असं नियमात लिहिलंय. अहो, काम घरी बसूनच करायचं. मग आणखी कुठं बसवणार, माळवदावर?

आमचं पुंडलिकनगरातलं घर दोन मजली. खाली मी आणि आमचे हे, वर धाकटे दीर आणि निर्मला. ही निर्मला नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती. मी शिकवलं. शेवया वळायला मी शिकवलं. भाजीवाल्याशी भांडायलासुद्धा मीच शिकवलं. हे रेकॉर्डिंगचं कामही आधी मी धरलं, ती माझं बघून आली. आणि दोन महिन्यांत बाई चार पॉइंट आठवर!

तिच्या पोरानं तिला जांभळे हेडफोन आणून दिले. ते घालून ती गॅलरीत बसली की आता ही विमान घेऊन दिल्लीला निघाली, असं वाटतं. माझ्याकडं ह्यांच्या जुन्या मोबाईलची वायर, एकाच कानात वाजणारी. (दुसऱ्या कानानं मी वरच्या मजल्यावरचं ऐकते, तो भाग वेगळा.) वर आणखी कंपनीनं तिला ‘उत्तम लेखनिक’ म्हणून सर्टिफिकेट पाठवलं. तिनं ते छापून आणून जिन्याच्या भिंतीला चिकटवलं, बरोबर माझ्या दारासमोर. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की पहिलं दर्शन त्याचं!

मी जळले नाही हां. जळायला काय झालंय मला? फक्त ऍसिडिटी वाढली.

आता माझे तारे कमी का, तर माझा स्वभाव. नियम असा, की ऐकलं तेवढंच लिहायचं. मला ते जमत नाही. एक बाई येसर आमटी कशी करायची ते सांगत होती आणि लसूण घालायलाच विसरली! मी काय करणार? लिहिताना घातला. दोनच तारे आले आणि खाली शेरा, ‘रेकॉर्डिंगमध्ये लसूण नाही.’

“अगं, तू कशाला घातलास?” हे म्हणाले.

“ती विसरली म्हणून!”

“मग तिची आमटी बिघडू दे की. तुला कुठं खायचीय?”

ह्यांना कळत नाही. पुढं एक जण बिडकीनच्या बाजूचा, आपल्या सख्ख्या भावाला बांधावरून अशा शिव्या देत होता की मी वायर कानातून काढून पदरानं कान पुसला. सगळं ऐकून मी लिहिलं, ‘इथे ते थोडे नाराज झाले.’ एक तारा! तिसरा माणूस गुडघेदुखीचं सांगत होता. त्याच्या बोलण्याखाली मी ओव्याचा शेक कसा घ्यायचा ते दोन ओळींत लिहून दिलं, फुकट. त्यालाही दोनच तारे.

आणि हे सगळे शेरे मारणारा नंबर एकच, एकतीस. आणि प्रत्येक शेऱ्याच्या शेवटी तेच चार शब्द, ‘हे मनानं घातलं आहे.’

मनानं घातलं आहे! मी जागच्या जागी ताठ झाले. गेली तीस वर्षं माझ्या स्वयंपाकाला हे वाक्य कोण म्हणत आलंय? सणासुदीला माझ्या हातची भाजी तोंडात घालून, डोळे बारीक करून, “अक्कांनी ह्यात कायतरी मनानं घातलंय, व्हय ना?” असं कोण विचारतं?

“एकतीस नंबर म्हणजे आपली निर्मला,” मी ह्यांना सांगितलं.

“कशावरनं?”

“सबूत आणून देते.”

मीटरचा बोर्ड आमच्या दाराशी जिन्याखाली आहे. अकराच्या सुमाराला दीर कामावर गेलेले असतात, निर्मला हेडफोन चढवते आणि त्याच वेळेला मला एकतिसाचे शेरे येतात. दर पाच-दहा मिनिटांनी एक! मी मोबाईल हातात धरला, बोर्डापाशी उभी राहिले आणि वरच्या मजल्याचा खटका पाडला.

शेरे बंद!

पंधरा मिनिटं एक नाही. खटका वर केला. दोन मिनिटांत तीन शेरे धडाधड आले! परत पाडला. बंद. परत वर केला. चालू! अहो, शाळेच्या प्रयोगशाळेत तरी इतका चोख प्रयोग कुणी केला असेल का?

वरून निर्मला गॅलरीतून वाकली. “अक्का! तुमच्याकडं लाईट हाय का?”

“हाय की! भक्कम हाय!”

“आमची सारखी जायलीय बघा.”

“पाप वाढलं की जाते बाई कधी कधी,” मी म्हणाले.

“काय म्हनलात?”

“माप! विजेचं माप कमी पडायलंय म्हनलं!”

आता मी सूड घेणार हे उघड आहे. मलाही रोज दहा जणांचं लिहिलेलं तपासायला यायचंच. मी चष्मा पुसून बसले. पहिलंच काम उघडलं आणि मी ओळखलं. इतकं नेटकं, इतकं गुळगुळीत, स्वल्पविरामसुद्धा इस्त्री केल्यासारखे! एक चूक सापडेल तर शपथ. कोण लिहिणार असं? निर्मला! दिला एक तारा. शेरा लिहिला, ‘कोरडं. जीव नाही.’ दुसरं उघडलं, तेही तसंच. एक तारा. ‘वाचून पोट भरत नाही.’ तिसऱ्याला लिहिलं, ‘थोरांकडून शिकून थोरांनाच विसरू नये.’ असे सात मी एका दमात पाडले. त्या दिवशी माझी ऍसिडिटी पार गेली. मी संध्याकाळी धपाटे केले आणि निर्मलाकडं चार पाठवलेसुद्धा! (जिंकलेल्या माणसाचं मन मोठं होतं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर कंपनीचं पत्र आलं. मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं, कारण मला वाटलं आता माझं सर्टिफिकेट.

“आपण काल तपासलेल्या दहा कामांपैकी सात नमुने... कार्यालयाने स्वतः तयार केलेले... अचूक नमुने होते...”

“थांब,” हे म्हणाले. “परत वाच.”

परत वाचलं. तरी तेच होतं! तपासणारी माणसं इमानानं तपासतात का हे बघायला कंपनी मधूनमधून स्वतःचीच बिनचूक कामं मिसळून पाठवते म्हणे. त्यांना पाच तारे दिले की तपासणारा शहाणा. मी सातही बिनचूक उत्तरांना एकेक तारा दिला होता आणि कंपनीला ‘थोरांना विसरू नये’ असं सुनावलं होतं. माझा तपासायचा हक्क काढून घेतला. तारे दोन पॉइंट सहा. काम बंद.

ह्यांनी चष्मा काढला. चितेगावच्या कारखान्यात जन्मभर माल तपासायचं काम केलेला माणूस. चूक कुठं झाली ते शोधल्याशिवाय चहा घेत नाही.

“निर्मलाच एकतीस नंबर, हे तू कशावरनं ठरवलंस?”

मी खटक्याचा प्रयोग सांगितला. अभिमानानं सांगितला.

“अगं, आपल्या वायफायचा डबा कुठं हाय?”

“वर. निर्मलाकडं.”

“त्याला लाईट लागती का नाय?”

“लागती की,” मी म्हणाले.

“मग वरचा खटका पाडल्यावर तुझ्या मोबाईलवर कोण शेरे आणून टाकणार, पोस्टमन? तरीच म्हनलं, माझी क्रिकेटची मॅच दोनदा कशी बंद पडली!”

आता एकच रस्ता उरला होता. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की चार पॉइंट पाचच्या वर तारे असलेल्या कुणी आपल्यासोबत बसून आपली वीस कामं पुन्हा ऐकली, तपासली आणि हमी दिली, तर काम परत चालू होईल. चार पॉइंट पाचच्या वरचं माझ्या ओळखीचं उभ्या शहरात एकच माणूस. सर्टिफिकेटच्या पलीकडं अकरा पायऱ्यांवर.

तुम्ही म्हणाल, द्यायचं सोडून. पण खरं सांगू? साठीनंतर पहिल्यांदा मला कुणी माझ्या नावानं ‘तुमचं काम मिळालं’ असं कळवत होतं. ‘अमकीची आई’ नाही, ‘तमक्यांच्या मिसेस’ नाही. सकाळची कामं उरकून वायर कानात घातली की मी कुणीतरी असायचे. ते जाईल या भीतीनं मी त्या अकरा पायऱ्या चढले. चढताना सर्टिफिकेटकडं बघितलं नाही.

“निर्मला, माझं काम बंद पडलं गं.”

“आँ? कशानं?”

सगळं सांगितलं. म्हणजे थोडं सांगायचं ठरवलं होतं, पण तोंड सुरू झाल्यावर माझं थांबतंय कुठं! खटकासुद्धा सांगून टाकला.

“अक्का!” निर्मला उभीच राहिली. “ती लाईट तुम्ही घालवली व्हती? मी वायरमन बोलावला व्हता! त्यानं आख्खी वायर उपसली, भिंतीला हे भोक पाडलं आन् शेवटाला म्हनला, ‘बाई, तुमच्या घरात कायतरी हाय.’ मी काल लिंबू उतरवून टाकलं!”

“बरोबर केलंस,” मी म्हणाले. “व्हतं की कायतरी. मीच व्हते.”

आणि मग ती अशी हसली की जांभळे हेडफोन गळ्यातून खाली पडले. “आन् तो एकतीस! अक्का, तो मेला मला बी लई बेजार करतो. माझे शून्य पॉइंट दोन त्यानंच खाल्ले. न्हाईतर माझे पाच हायेत!”

(बघितलंत? अशाही वेळेला सांगून घेतलंच!)

मग बसली माझ्याशेजारी. तिनं स्वतःचे हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले, आपण माझी एका कानाची वायर घेतली आणि वीस कामं ऐकली. जेवायला उठली नाही. लसूण काढला. ओव्याचा शेक काढला. शिव्या मात्र माझ्याकडून जागच्या जागी लिहून घेतल्या. एकेक शिवी मी डोळे मिटून सांगायचे आणि ती “पुढं?” म्हणायची. तीस वर्षांत आम्ही दोघी इतकं मनमोकळं कधी बोललो नव्हतो!

संध्याकाळी तिनं हमी दिली. दोन दिवसांत माझं काम चालू झालं, तारे तीन पॉइंट चार. अट एकच, महिनाभर माझं प्रत्येक काम निर्मला तपासणार. मला भरून आलं. मी तिच्यासाठी शिरा केला, वर नेऊन दिला, आणि तिथंच तिच्या मोबाईलवर मला ते दिसलं. चार पॉइंट नऊ!

“हे गं कसं?”

“कच्च्या मानसाला सुधारलं की वाढवून देत्यात, अक्का,” ती शिरा खात म्हणाली. “तुम्ही जितक्या सुधराल तितके माझे वाढनार!”

शिऱ्याची वाटी परत मागावीशी वाटली, पण उष्टी झाली होती.

रात्रभर विचार केला. मी चांगलं लिहिलं की तिचा तारा वाढणार. म्हणजे माझ्या हुशारीवर ती पाचाला जाऊन टेकणार! हे काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी मी दहा कामं केली आणि जाणूनबुजून घोळ घातले. आंब्याच्या लोणच्यात बडीशेप घातली. एका आजोबांना दोन जादा नातवंडं दिली. एक भांडण मधूनच मिटवून टाकलं. इतके चोरून घातले की प्रत्यक्ष कंपनीच्या साहेबालाही सापडू नयेत.

निर्मलाला सगळे सापडले. सगळे! दुपारी धावतच खाली आली, मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. अवघड चुका बारकाईनं शोधल्याबद्दल कंपनीनं तिचं अभिनंदन केलं होतं आणि तिला पाचपैकी पाच दिले होते.

“अक्का, तुमच्यामुळंच झालं हो!” म्हणत तिनं वाकून माझ्या पाया पडून नमस्कार केला. आता थोरली जाऊ पडले, आशीर्वाद तर द्यावाच लागतो. मी तोंड भरून दिला. पण कंपनीनं तो रेकॉर्ड करून लिहून काढायला दिला असता, तर एकतीस नंबरनं खाली नक्की शेरा मारला असता की बाईंनी हा मनानं दिलेला नाही.