दुसरा कागद

ठिपके सरांच्या काखेत कायम एक्स-रेचं पाकीट असायचं. मोठं, खाकी, कोपऱ्यात कुठल्यातरी दवाखान्याचं पुसट नाव. आजूबाजूच्या चार जिल्ह्यांची दुखणी नांदेडला येतात. त्यामुळे असं पाकीट घेऊन चाललेला माणूस दिसला की रिक्षावाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळे विचारतात, "कोण आजारी हाय?" सर न चिडता थांबायचे आणि म्हणायचे, "अजून कळलं न्हाई. दुसरा कागद यायचाय." विचारणारा "होईल, होईल बरं" म्हणत पुढं जायचा. पाकिटात एक्स-रे नसायचाच. बारीक काळ्या ठिपक्यांनी भरलेले पारदर्शक कागद असायचे. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी सरांचं नाव त्यावरूनच पाडलं होतं.

कॉलेजच्या रस्त्याला माझं झेरॉक्स, प्रिंट आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. दुसऱ्याच्या ओसरीत एका भाड्याच्या मशीनवर सुरू केलं, आज तीन मशीन माझ्या आहेत. मला कुणी काही सवलतीत दिलेलं नाही, म्हणून मीही देत नाही. सर पहिल्यांदा आले तेव्हा पारदर्शक कागदावर प्रिंट मागत होते. मी नेहमीप्रमाणे दुप्पट भाव सांगितला, कारण गिऱ्हाईक निम्म्यावर येणार हे ठरलेलं असतं. सरांनी मान डोलावली आणि स्टुलावर बसले. मला राग आला. घासाघीस न करणारा माणूस आपल्याला खिजगणतीत धरत नाही असं मला वाटतं.

घासाघीस त्यांनी केली, पण वेगळीच. "मालक, आकार शंभर टक्के पाहिजे. तुमची मशीन अठ्ठ्याण्णव देऊन राहिली."

"दोन टक्क्यांनी काय होतं, सर? डोळ्याला तरी दिसतं का?"

"डोळ्याला न्हाई दिसत. ठिपक्याला दिसतं."

दोन प्रिंट निघाल्या. दोन्हीवर बिघडलेल्या टीव्हीसारख्या नुसत्या मुंग्या. मशीन गेली समजून मी ऑपरेटरवर ओरडलो. सरांनी मशीनचं झाकण उघडलं, काचेवर एक कागद ठेवला, त्यावर दुसरा ठेवला आणि करंगळीनं किंचित सरकवला. त्या मुंग्यांतून बैलाचं तोंड उभं राहिलं. शिंगं, वेसण, सगळं. कागद उचलले की पुन्हा मुंग्या.

मी धंदेवाला माणूस, मला युक्ती समजल्याशिवाय चैन पडत नाही. सरांनी वहीचं पान घेऊन समजावलं. चित्रातल्या एका ठिपक्याची चार घरं करायची. पहिल्या कागदावर त्यातली दोन काळी, दोन कोरी. कोणती दोन, ते नाणं उडवून ठरवायचं. दुसऱ्या कागदावर, चित्रात जिथं पांढरं हवं तिथं तीच दोन घरं काळी करायची आणि जिथं काळं हवं तिथं उरलेली दोन. एकावर एक ठेवलं की काही ठिकाणी उजेड येतो आणि काही ठिकाणी ठार काळं होतं. त्यातून चित्र. "पहिला कागद नशिबाचा, दुसरा विचाराचा," हे त्यांचं आवडतं वाक्य.

"म्हणजे एकेका कागदावर अर्धं अर्धं चित्र हाय," मी म्हणालो.

"न्हाई, मालक. एकट्या कागदावर काहीच न्हाई. चोर कितीही हुशार असू द्या, जन्मभर बघत बसला तरी न्हाई. इथं अर्ध्यावर तुटत न्हाई. दोन्ही पाहिजेत."

माझं सगळं आयुष्य अर्ध्यावर तोडण्यात गेलेलं. मला ती गोष्ट पटली नाही.

सर हिमायतनगरकडच्या एका खेड्यातले. आई-बाप दोघं मजुरीला जायचे, घरात शिकलेले हे पहिलेच. एवढं शिकूनही कॉलेजात तासिका तत्त्वावर. दर जूनला मी विचारायचो, "यंदा हाव का, सर?" ते म्हणायचे, "हाव. पुढच्या जूनपर्यंत हाव." स्टाफरूममध्ये त्यांना हक्काची खुर्ची नव्हती, म्हणून दोन तासांच्या मधला वेळ माझ्या स्टुलावर जायचा. बसताना ते हलका उसासा टाकायचे. उभं राहून शिकवणाऱ्या माणसाचा उसासा वेगळा असतो. एकदा त्यांनी वर्गातल्या साठ पोरांना आलेख कागद देऊन नाणी उडवायला लावली. खणखणाट ऐकून प्राचार्य धावत आले, त्यांना वाटलं जुगार चाललाय. सरांनी त्यांच्याही हातात एक नाणं दिलं. ही हकिकत सांगताना ते स्वतः हसायचे नाहीत, आम्ही हसलो की समाधानानं बघायचे.

आमचं शेत कंधारजवळ. वडील, म्हणजे आबा, गेले आणि मी व दादा विहिरीवरून तुटलो. दादा लातूरला नोकरीला. तो म्हणे, विहिरीकडचा तुकडा आबांनी मला दिलाय. मी म्हणे, मला. आबांनी जाण्याआधी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर शेताचा नकाशा काढला होता, एवढं दोघांनाही माहीत होतं. तो मायच्या पेटीत होता आणि माय दाखवत नव्हती. विहिरीवर माझं कुलूप, मोटार बंद, रान पडीक. दोघं भाऊ सणालाही एका दिवशी गावी जात नव्हतो.

सरांना कंधारचा किल्ला बघायचा होता, म्हणून एका रविवारी मी त्यांना घेऊन गेलो आणि येताना घरी नेलं. मायनं त्यांना चहा कपबशीत दिला. मग त्यांचं गाव, आडनाव विचारलं आणि कपबशी आत न नेता ओट्यावरच विसळून वेगळी ठेवली. सरांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. तरी पुढंही सर त्या बाजूला गेले की मायची विचारपूस करायचे, तिचे कागद वाचून द्यायचे, मोबाईल अडला तर सुरू करून द्यायचे. वर्षभरानं मी गेलो तर सर आत चुलीपाशी बसून जेवत होते आणि माय त्यांना वाढत म्हणत होती, "लाजू नकोस बाबा, भाकर घे अजून."

त्याच माणसाच्या हातात मायनं ती लग्नपत्रिका दिली. सरांनी तिच्यावरच्या नकाशाचे ठिपक्यांचे दोन कागद केले. मग मायनं त्यांच्या देखत मूळ नकाशा चुलीत घातला. सर नको म्हणत होते, पण तिनं ऐकलं नाही. मी तिला जाब विचारायला गेलो, तर म्हणाली, "एकाच्या हाती दिला असता तर दुसरा म्हणला असता, ह्यानं रेघ खोडली. आता दोघायला एकेक येईल. बसा मांडीला मांडी लावून."

"आणि बाहेरच्या माणसाला दाखवलास?"

"तो भावकीतला न्हाई म्हणूनच दाखवला. त्याला विहीर नको, बांध-धुरा नको."

सरांनी माझा कागद दुकानात आणून दिला, तसल्याच खाकी पाकिटात घालून. दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, "सर, तुम्ही बघितलंय. एका शब्दात सांगा, विहीर कुणाकडं हाय?"

"दोघं बसून बघा."

"मी त्याच्या दारात जाणार न्हाई. तुम्ही सांगा."

"मी सांगून उपयोग न्हाई, मालक."

माझं डोकं फिरलं. दादानं तुम्हाला काय कबूल केलंय, असं मी सगळ्यांसमोर विचारलं. सर पाकिटाचा कोपरा सरळ करत राहिले, त्यानं मी अधिकच भडकलो. म्हणालो, "आमच्या घरच्या भानगडीत तुमच्यासारख्यानं पडायचं कारण न्हाई." तुमच्यासारख्यानं म्हणजे काय, ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. ते उठले. जाताना एवढंच म्हणाले, "कागद उन्हात ठेवू नका. लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं आकसतो." दुसऱ्या दिवसापासून ते चौकापलीकडच्या दुकानात प्रिंटला जाऊ लागले. त्या दुकानाची मशीन माझ्यापेक्षा वाईट होती.

पुढच्या उन्हाळ्यात माय गेली. सरणाच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी. सर लांब बाभळीखाली उभे होते. मी त्यांच्याकडं गेलो नाही, दादाकडंही गेलो नाही.

घरी आलो तर पाकिटातल्या कागदाचा कोपरा दुमडलेला. मायनं दिलेली तेवढीच वस्तू माझ्याकडं उरली होती. आमच्याकडं जपायची प्रत्येक गोष्ट लॅमिनेट होते. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, मेलेल्या माणसाचा फोटो. आयुष्यभर लोकांचं जपण्यासारखं मीच त्या मशीनमधून काढत आलो. सरांचं बोलणं आठवत होतं, पण माझा धंदा मला कुणी शिकवलेला खपत नाही. मी कागद मशीनमध्ये सारला. चकचकीत, टणक होऊन बाहेर आला. मला बरं वाटलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका दुपारी सर दुकानात आले. कॉलर मानेभोवती सैल झालेली. स्टुलावर बसले, तोच उसासा, फक्त लांब. पाकिटातून त्यांनी एक काळी फिल्म काढून दाराच्या उजेडाकडं धरली. या वेळी तो खरंच एक्स-रे होता. छातीचा. "बघा मालक," ते म्हणाले, "ह्याला दुसरा कागद लागत न्हाई."

माफी मागायची असती तर तीच वेळ होती. मी विचारलं, "चहा घेता?"

"घेतो." अर्धा कप पिऊन ते म्हणाले, "लातूरला जाऊन आलात का?"

"न्हाई."

"जा."

पुढच्या जूनपर्यंत ते राहिले नाहीत. त्यांच्या घरी बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्त्या लावल्या होत्या, पोरं दाटीवाटीनं बसली होती. मी मागं भिंतीला टेकून उभा राहिलो. मला त्यांचा राग येत होता. ज्याला उत्तर माहीत होतं तो एकटाच माणूस न सांगता निघून गेला होता. तो राग घेऊनच मी लातूरची बस पकडली.

दादानं दार उघडलं आणि बाजूला झाला. "ये" म्हणाला नाही, "का आलास" असंही नाही. मी पाकीट टेबलावर ठेवलं. तो आत जाऊन आपला कागद घेऊन आला. वर्तमानपत्रात गुंडाळून सपाट ठेवलेला, जसा दिला होता तसा. खिडकीच्या काचेवर आम्ही एकावर एक धरले. चित्र आलं नाही. करडे पट्टे आले, पाण्यावरच्या लाटांसारखे.

दादानं माझा कागद बोटांनी चाचपला. "लॅमिनेशन केलंस?"

"हाव."

"सरांनी नको म्हणलं नव्हतं?"

मी कागद पुन्हा काचेला लावला. तो म्हणाला, "सगळ्या दुनियेला प्लॅस्टिक घालतोस," आणि करवादून कागद थोडा ढकलला. तेव्हा एका कोपऱ्यात, हाताच्या तळव्याएवढ्या जागेत, करडेपणा निवळला आणि एक झाड दिसलं. चिंच. जरा सरकवल्यावर झाड विरघळलं आणि शेजारी धुऱ्यावरचा दगड आला. कागद आकसला होता, पण एका वेळी एका जागी तो अजून जुळत होता.

मग आम्ही बसलो. मी माझा कागद दोन्ही हातांनी दाबून धरायचा, दादानं त्याचा केसाकेसानं सरकवायचा. जे दिसेल ते तो वहीत काढून घ्यायचा. "धर नीट, बंडू." "धरलाय की. तूच हलून राहिलास." वहिनीनं चहा आणून ठेवला, तो गार झाला म्हणून परत नेला आणि गरम करून आणला. आबांचा हात दोघांनीही ओळखला. झाडाचा शेंडा ते नेहमी टोकदार काढायचे. खोपी आली, गोठा आला. शेवटी विहीर आली. विहिरीपासून दोन नळ निघालेले, एक वर, एक खाली, दोन्ही सारख्या लांबीचे.

"रेघ कुठं हाय?" दादा म्हणाला.

आम्ही पुन्हा डावीकडून सुरुवात केली. पुन्हा चिंच, दगड, खोपी. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. रेघ नव्हती. आबांनी वाटणी काढलीच नव्हती, पाण्याचे नळ कसे टाकायचे ते काढून ठेवलं होतं. मायनं ते पाहिलेलं होतं. सरांनी दुकानात सगळ्यांसमोर माझी बोलणी खाल्ली, तेव्हाही त्यांना ते ठाऊक होतं.

निघताना दादानं दोन्ही कागद एकाच वर्तमानपत्रात ठेवले. "राहू दे इथंच," मी म्हणालो. "किल्ली पाठवून दे विहिरीची," तो म्हणाला. मग दारापर्यंत येऊन, "न्हाई तर रविवारी तूच ये, मी बी येतो."

परतीच्या बसमध्ये रिकामं खाकी पाकीट माझ्या मांडीवर होतं. शेजारी लोह्याला उतरणारा एक म्हातारा. अहमदपूर सुटलं तसं त्यानं विचारलं, "कोण आजारी हाय, भाऊ?"

"कुणी न्हाई. आमचे एक सर होते, त्यांचं पाकीट हाय," मी म्हणालो. आणि मग नाणी, बैल, विहीर, दुकानातलं माझं ते बोलणं, सगळं त्या अनोळखी माणसाला सांगत सुटलो. लोहा जवळ आलं तसा तो पिशवी आवरत म्हणाला, "समदं ठाव होतं, तर मग त्या मास्तरानं तुमाला सांगितलं का न्हाई?"

इतके दिवस मी तेच विचारत आलो होतो, रागानं. आता उत्तर तोंडातून आपोआप निघालं.

"रेघ न्हाई म्हणून सांगितलं असतं," मी म्हणालो, "तर मी म्हणलो असतो, तुम्हीच खोडली."

म्हातारा मान हलवून उतरला. मी पाकीट काखेत धरलं आणि नांदेड येईपर्यंत तसाच बसलो.