कनेक्टरमधलं कुंकू

मंडळी, माझी गाडी आज परत बंद पडली. वडवणीहून दिंद्रुडला दवाखान्यात ड्युटीवर निघाले होते. मध्येच सगळे दिवे विझले, इंजिन गप्प.

कित्येक महिने हेच चाललंय. गॅरेजला नेली की शहाण्यासारखी चालते! आमचे इलेक्ट्रिशियन फिरोजभाई मागे वैतागून म्हणाले होते, "ताई, आता बंद पडली की चालू करायच्या नादी लागू नका. हाय तिथून फोन करा."

आज तसंच केलं. ते मोटारसायकलवर आले आणि एकेक वायर हलवून बघत गेले. फ्यूजच्या डब्याजवळचा एक कनेक्टर सोडवला, तर आत हिरवट गंज आणि चिकट ओल. त्यात बोट घातलं, ते लाल झालं.

"ताई, ह्याच्यात कुंकू कावून हाय?"

माझ्या लगेच लक्षात आलं. काल अमावस्या होती. दर अमावस्येला माझे सासरे, आबा, बॉनेट उघडून, कुंकू वाहून इंजिनाची पूजा करतात. सून एकटी गाडी चालवते म्हणून नारळ फोडतात, त्याचं पाणी आतवर शिंपडतात. आणि गाडी जितकी अडायला लागली, तितकं हे पाणी वाढत गेलं.

घरी आले तर आबा दारातच उभे. "परत बंद पडली म्हणं? पुढच्या अमावस्येला दोन नारळ फोडतो, पोरी."

मी म्हटलं, "फोडा आबा, पण चाकापुढं."

त्यांनी बॉनेटकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "माझ्यामुळंच बंद पडत व्हती का गं?"