आईचे गोरे हात

माझ्या वहीत एका इंग्लिश नटीची सगळी कामं क्रमानं लिहिलेली आहेत. ती मला आवडते म्हणून नव्हे. मला कुठलीही गोष्ट अर्धवट ठेवता येत नाही, आणि हे प्रकरण अर्धवट राहिलेलं आहे.

पहिल्या पानावर तिची टीव्हीवरची वर्षं आहेत. इस्पितळाच्या एका मालिकेत ती बरीच वर्षं नर्स होती. बहुतेक वेळा मागे उभी, हातात ट्रे. मग एका पोलिसाची बायको, एका श्रीमंत घरातली न बोलणारी भाची, खुनाच्या एका मालिकेत दुसऱ्याच भागात मेलेली शेजारीण. चाळिशी आली तरी तिचं नाव तिच्या देशाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. दुसरं पान सुरू होतं ते आमच्या गावात.

मी शहापूरला शाळेत इंग्रजी शिकवते. माहेर वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यावरून आत. तिथं इंग्रजांच्या काळातल्या एका डॉक्टरणीवर सिनेमा काढायला माणसं आली, तेव्हा गावकऱ्यांशी बोलायला आणि याद्या करायला त्यांनी मला घेतलं. डॉक्टरणीचं काम ही नटी करणार होती. शेवटच्या प्रसंगात डॉक्टरीण गावच्या बायकांबरोबर भाताची आवणी करते, असं होतं. ते शिकवायला मी माझ्या आईला उभं केलं.

आवणी मागे सरकत करतात. रोप लावायचं, पाऊल मागे घ्यायचं. नटीचं पाऊल पुढेच पडायचं. आई बांधावरच्या बायकांना म्हणाली, "ही बाय पुढं चालते नि आपलीच रोपं तुडवते." बायका हसल्या. नटीनं मला अर्थ विचारला, तर तुमचं छान चाललंय, असं मी सांगितलं. चौथ्या दिवशी तिची कंबर धरली. आईनं तेल कोमट करून तिला चोळून दिलं. त्या वेळी नटीनं मला विचारलं होतं, यांचं नाव काय. मी म्हटलं, आई म्हणा. गावात कुणाच्या आईला नावानं हाक मारत नाहीत. मला ते उत्तर बरोबरच वाटलं.

कंबर गेल्यावर दिग्दर्शकानं ठरवलं, चेहरा नटीचा आणि हात आईचे. मेकअपच्या मुलीनं आईच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत गोरा रंग लावला. आईच्या हातांवर लग्नाआधीचं गोंदण आहे, एकावर तुळस आणि मनगटाभोवती ठिपके. सगळ्यात जास्त वेळ ते झाकायला लागला. आई हात समोर धरून बघत राहिली. "मेल्या मानसाचा हात वाटतो गो," म्हणाली. मग खाचरात उतरली. कॅमेरावाला बास म्हणाला तरी ती थांबेना. अर्धवट लावलेलं खाचर सोडून वर येणं तिला जमत नाही. ते माझ्यात तिच्याकडूनच आलंय.

शूटिंग संपलं त्या दिवशी तिनं एकच गोष्ट विचारली. सिनेमाच्या शेवटी काम केलेल्यांची नावं येतात, हे तिला मीच सांगितलं होतं. "माझं नाव येल का गो त्यात?" मी म्हटलं, येणारच, यादी माझ्याकडे आहे. त्याच आठवड्यात मी ती पाठवून दिली. टाइप केलेली, एकही खाडाखोड नसलेली.

दोन पावसाळे गेले आणि सिनेमा आला. नटीचं नशीब उघडलं. बक्षिसं मिळाली. नंतर ती राणी झाली, मंत्री झाली, जहाजाची कप्तान झाली. वहीची पानं भराभर भरली. सिनेमावर लिहिणाऱ्यांनी त्या शेवटच्या प्रसंगातल्या हातांचं कौतुक केलं. हातांनीही अभिनय करता येतो, असं कुणी लिहिलं. एका मुलाखतीत तिनं सांगितलं की ती आमच्यात राहून आवणी शिकली आणि प्रत्येक रोप स्वतः लावलं. मी ते तीनदा ऐकलं. सिनेमात एका ठिकाणी पाण्यानं रंग उतरलाय आणि मनगटापाशी हिरवा ठिपका दिसतो. तिथं थांबवून मी फोटो काढून ठेवला. शेवटी नावं भराभर वर सरकली. मी फक्त आईचं नाव शोधत होते, ते कुठंच दिसलं नाही.

मी सिनेमावाल्यांना पत्र लिहिलं. मुद्दे क्रमानं मांडले, ठिपक्याचा फोटो जोडला. चार ओळींचं नम्र उत्तर आलं. नावं तुम्ही दिलेल्या यादीप्रमाणेच आहेत, यादी सोबत जोडली आहे.

यादी उघडली. आमच्या गावात कुठलीही यादी घरटी होते. सप्त्याचा शिधा असो की पाण्याची टाकी धुणं, घरटी एक नाव, आणि घर ज्याच्या नावावर त्याचं. स्पेलिंग चुकू नये म्हणून मी ग्रामपंचायतीची घरांची यादी समोर ठेवली होती आणि तीच उतरवली होती. चौतीस बायका चिखलात वाकल्या होत्या. माझ्या यादीत एकही बाई नव्हती. जे पुरुष दिवसभर टपरीवर चहा पीत बसले होते, ते सगळे होते. 'नायिकेचे हात' या शब्दांपुढे माझ्या वडिलांचं नाव होतं. ते जाऊन अकरा वर्षं झाली. घर अजून त्यांच्याच नावावर आहे.

नटी खोटं बोलली ते बोललीच, त्याची माफी माझ्याकडे नाही. पण तिला खोटं पाडेल असा कागद एकच होता आणि तो मी माझ्या हातानं असा करून ठेवला होता. शाळेत मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, पाठवण्याआधी एकदा वाचा. मी ती यादी दोनदा वाचली होती.

आई दर खेपेला सिनेमाचं विचारायची. सबबी संपल्या तेव्हा एका रविवारी जाऊन मोबाइलवर दाखवला. तिनं हात लगेच ओळखले. "रांग बघ कशी सरळ हाय," म्हणाली. नावं आली तिथं मी थांबवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. हे तुझंच नाव, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. जे होतं ते मी वाचलं.

आईनं पडद्यावरचं माझं बोट बाजूला केलं. "त्यांनी उभ्या जन्मात एक रोप नाय लावलं," म्हणाली. "लिवलं कोनी?"

"मी."

तिनं मोबाइल माझ्याकडे सरकवला आणि हात पदराखाली घेतले. मुलाखतीचं मी सांगणार होते, ते सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी घर तिच्या नावावर करायचा अर्ज मी लिहून नेला. कुठं सही करायची तिथं खूणही केली होती. तिनं पेन घेतलं नाही. "घर ऱ्हाऊ दे त्यांच्या नावावर," म्हणाली. "मी घर नवतं मागितलं."

अर्ज वहीतच आहे, बिनसहीचा.