बटणाचं माहेर

आपा कुणासाठीही खुर्चीतून उठत नसत. संचालक येवोत, बँकेचे अधिकारी येवोत, की तुळजापूरहून देवीचा प्रसाद घेऊन खुद्द अध्यक्ष येवोत, आपा बसल्या जागेवरून मान हलवायच्या आणि पुन्हा स्क्रीनकडे वळायच्या. एकदा एका संचालकांनी हसत हसत टोमणा मारला, "आपा, पाहुणा आला की उठायची पद्धत न्हाय वाटतं तुमच्यात."

आपा म्हणाल्या, "तुम्ही बसा की. दोघांनी उभं राहून काय करायचं?"

आमचं सोयाबीन खरेदीचं केंद्र बेंबळी रस्त्याला आहे. शेतकऱ्यांच्या कंपनीचं. पत्र्याचं ऑफिस, बाहेर वजनकाटा, आत दोन कॉम्प्युटर. एकावर आपा, दुसऱ्यावर मी. मी धाराशिवला इंग्रजी शाळेत शिकले. मराठी येते, पण मोठ्यानं बोलायची वेळ आली की आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो. पहिल्याच आठवड्यात एक टेम्पोवाला खिडकीशी येऊन माझ्यावर ओरडला आणि मी नुसती ऐकत राहिले. तो गेल्यावर आपांनी विचारलं, "कॉन्व्हेंट, मराठीत भांडता येत न्हाय का तुला?"

"नाही येत, आपा."

"मग इंग्रजीत भांड. त्याला कळलं न्हाय तरी चालंल. पण तोंड मिटून घेऊ नको बाई. सवय लागती."

तेव्हापासून ऑफिसात माझं नाव कॉन्व्हेंटच पडलं. मला ते आवडायचं नाही, आणि तसं सांगायलाही जमलं नाही.

दर हंगामाला आमच्याकडं नवी एक्सेल फाईल लागते. जुन्या फाईलमधले कोरे तक्ते नव्या फाईलमध्ये न्यायचे आणि त्यांच्यामागचे मॅक्रोही न्यायचे. मॅक्रो म्हणजे बटण दाबलं की कॉम्प्युटरनं काय करायचं ते सांगणारा कोड. मालातला ओलावा टाकला की प्रत ठरवायची, बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, वजन वजा करायचं, पावती छापायची. हे सगळे मॅक्रो आपांनी लिहिलेले. बी.कॉम. होऊन लग्न झाल्यावर दिराच्या कॉम्प्युटरवर त्या हे शिकल्या. "दीर गेम खेळायचा," त्या सांगायच्या. "त्याला म्हटलं, ऊठ, आता माझा डाव."

फाईल बदलायच्या दिवशी आपा कुणाशी बोलत नसत. दोन्ही फाईली उघडायच्या, कोडच्या खिडकीत जुन्या फाईलमधला एकेक मॉड्यूल, म्हणजे कोडचा एकेक गठ्ठा, माउसनं ओढून नव्या फाईलवर सोडायचा. मग फाईल मॅक्रोवाल्या प्रकारात सेव्ह करायची, कारण साध्या प्रकारात केली की तक्ते राहतात आणि कोड उडून जातो. एवढ्यावर कुणीही थांबेल. आपा थांबत नसत. जुनी फाईल बंद करून त्या नव्या फाईलमधलं प्रत्येक बटण दाबून बघायच्या. तक्त्याबरोबर आलेलं बटण दिसतं नव्या फाईलमध्ये, पण चालवतं जुन्याच फाईलमधला मॅक्रो. त्याला नवा जोडून द्यावा लागतो. "सासरी आलंय, पण कान माहेराकडंच," असं पुटपुटत त्या एकेका बटणाचे कान वळवायच्या.

या सगळ्यात आपांना जपावासा वाटे तो नंबरचा मॉड्यूल. गाडी फाटकाशी आली की बटण दाबायचं. मॅक्रो वेळ नोंदवायचा, पुढचा नंबर द्यायचा, चिठ्ठी छापायचा आणि ती ओळ कुलूपबंद करायचा. नंतर ती कुणालाच बदलता येत नसे. त्याआधी फाटकावर रोज भांडणं व्हायची. एका पिकअपची काच फुटली होती. आपांनी नंबर सुरू केला आणि रांग शांत झाली. तेव्हा सभेत सगळ्या संचालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

यंदा हंगामाच्या तोंडावर आमचे व्यवस्थापक आपांच्या टेबलाशी आले. त्यांना सगळे साहेब म्हणतात.

"आपा, नव्या फाईलमध्ये सगळं घ्या. नंबरचं तेवढं राहू द्या."

"का बरं?"

"गरज न्हाय. नंबर मी हातानं टाकत जाईन."

"कुणाकुणाचा?"

साहेब हसले. "आता सगळं तोंडानं वदवून घेता का? संचालकांच्याबी गाड्या असतात. त्यांनी रांगेत थांबायचं व्हय?"

"थांबावं की. त्यांचं सोयाबीन काय उन्हानं काळं पडतंय का?"

"मी सांगतोय तेवढं करा."

"नेईन तर सगळं नेईन, साहेब. एक मॉड्यूल मागं ठेवलेली फाईल माझ्या हातून व्हायची न्हाय."

आवाज चढला नव्हता. आपा बोलता बोलता चष्मा पुसत होत्या. साहेब गेले आणि दुसऱ्या दिवशी धाराशिवहून एका कॉम्प्युटरच्या दुकानदाराला घेऊन आले. त्यानं चहा पिता पिता तक्ते नव्या फाईलमध्ये नेले, नंबर सोडून बाकीचे मॉड्यूल नेले, बटणं जोडली आणि गेला. तक्त्यावर नंबरचं बटण मात्र तसंच राहिलं. काढायला तो विसरला.

खरेदीच्या पहिल्या सकाळी गाड्या लागल्या. बटण समोर होतं, मी दाबलं. जुनी फाईल आपोआप उघडली आणि चिठ्ठी छापून बाहेर आली. दुसरी गाडी, दुसरी चिठ्ठी. साहेब फाटकावर पोचले तेव्हा रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात नंबर होता आणि संचालकांचा ट्रॅक्टर पार शेवटी उभा होता.

साहेब आत आले. "हे काय भूत बसवलंय तुम्ही?"

"भूत न्हाय," आपा म्हणाल्या. "बटणाला माहेर सोडायला कुणी सांगितलंच न्हाय. मी फाईल केली असती तर सांगितलं असतं."

"ती जुनी फाईल आत्ताच्या आत्ता पुसा."

"पुसणार न्हाय. गेल्या हंगामाची सगळी वजनं त्यात हायत. उद्या सभेत कुणी विचारलं तर काय दाखवू, तुमचं तोंड?"

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. दुपारपर्यंत आपांची बदली झाली. माकणीच्या गोदामावर, पोती मोजायला. तिथं कॉम्प्युटर नाही. आपांनी डबा, चष्म्याचं घर आणि पाठीमागची उशी पिशवीत भरली. मी काहीतरी बोलायला वाक्य जुळवत होते.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "रडायचं असलं तर घरी जाऊन रड. हितं टेबल मोकळं दिसलं की लोक येऊन बसत्यात. तू बस."

संध्याकाळी साहेबांनी मला नंबरचं बटण काढून टाकायला सांगितलं. ते गेल्यावर मी दोन्ही फाईली उघडल्या, नंबरचा मॉड्यूल ओढून नव्या फाईलवर सोडला, ती मॅक्रोवाल्या प्रकारात सेव्ह केली, जुनी बंद केली आणि बटणाला नवा मॅक्रो जोडला. मग प्रत्येक बटण दाबून बघितलं. माउसला माझा घाम लागला होता, तो ओढणीनं पुसला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा चिठ्ठ्या निघत होत्या आणि जुनी फाईल कुठंही उघडलेली नव्हती. त्यांनी स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे कुणी केलं?"

"मी केलं, सर." या वेळी वाक्य जुळवायला वेळ लागला नाही.

"काढ ते."

"नाही काढणार. रांगेतल्या माणसांना नंबर बंद झाला हे मी कसं सांगू? तुम्ही खिडकीशी उभं राहून सांगा, मग काढते."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि पुढचे लोक आत काय चाललंय ते बघत होते.

"तुलापण माकणीला पाठवू का?" ते हळू आवाजात म्हणाले.

"चालेल सर," मी म्हटलं. "आपा आहेत तिथं."

मग मी पुढचा नंबर पुकारला.